टेलला न पोचलेल्या पेशी

दिवस भरून जन्मलेल्या निरोगी बाळांपैकी 95 टक्क्यांहून अधिक बाळांना पहिली काळी शी 24 तासांत होते, आणि जवळपास सगळ्यांना 48 तासांत. ज्या थोड्या बाळांना ती होत नाही, ज्यांचं पोट फुगत जातं आणि मग हिरवी उलटी होते, त्यांच्यातल्या काहींच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात. आतडं असतं, त्याचे स्नायू असतात, रक्तपुरवठाही असतो. फक्त स्नायूंना ‘आता सैल व्हा’ असं सांगणारं कुणी नसतं. तेवढा भाग कायम आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचं सगळं तुंबतं. या आजाराचं नाव हिर्शस्प्रंग.

साधारण 5,000 जन्मांमागे एका बाळाला तो असतो, मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट. 2011च्या जनगणनेत अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या 45 लाखांच्या वर होती. राज्याचा जन्मदर हजारी 15च्या आसपास आहे. त्या हिशेबाने जिल्ह्यात वर्षाला 65 ते 70 हजार बाळं जन्माला येतात असं धरलं, तर त्यांतल्या 13-14 बाळांना हा आजार असणार. हिशेब ढोबळ आहे, पण राजूर-कोतूळपासून जामखेड-खर्ड्यापर्यंत पसरलेल्या, राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात महिन्याला एक बाळ, हे प्रमाण डोळ्यांआड करण्याजोगं खास नाही.

गेली पंचवीस वर्षं जगातल्या काही प्रयोगशाळा एका प्रश्नाच्या मागे आहेत: गर्भात ज्या पेशी तिथपर्यंत पोचल्या नाहीत, त्या जन्मानंतर तिथे नेऊन रुजवता येतील का? मूलपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं नाव आपल्याकडे जाहिरातींतून इतकं वापरलं गेलंय की या प्रश्नाचं खरं उत्तर आज कुठवर आलंय, हे आई-बापांना कळणं अवघड झालंय. माझं मत आधीच सांगतो. हे संशोधन खरं आहे, त्याची दिशा बरोबर आहे, आणि त्यातून एक दिवस उपचार निघेल असं मानायला आधार आहे. पण आज विकत मिळणाऱ्या कुठल्याही इंजेक्शनाशी त्याचा संबंध नाही. आणि तो उपचार येईल तेव्हा तो अशाच मुलांच्या कामी येईल, ज्यांचा आजार वेळेत ओळखला गेला आणि जी तोवर जगली.

आतड्याला स्वतःची चेतासंस्था असते. तिची दोन जाळी आहेत, एक स्नायूंच्या दोन थरांमध्ये आणि दुसरं आतल्या अस्तराखाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती मायस्नर आणि आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवली, म्हणून आजही त्यांच्याच नावांनी ओळखली जातात. 1899 साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की आतड्यात घास आला की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल होतो, आणि बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी हे चालू राहतं. मेंदूला न विचारता काम करणाऱ्या या कोट्यवधी चेतापेशींची संख्या पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींच्या तोडीची मानली जाते. आवळणाऱ्या पेशी वेगळ्या आणि सैल करणाऱ्या वेगळ्या. सैल करणाऱ्या पेशींचं मुख्य हत्यार नायट्रिक ऑक्साइड हा वायू. पुढच्या बऱ्याच गोष्टी या सैल करणाऱ्या पेशींभोवती फिरतात.

या पेशी आतड्यात तयार होत नाहीत, बाहेरून येतात. गर्भाच्या पाठीकडे जी चेतानलिका बनते तिच्या कडेच्या पेशी, त्यातही मानेजवळच्या, चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिकेच्या तोंडाशी शिरतात आणि खाली खाली सरकत सातव्या आठवड्यापर्यंत शेवट गाठतात. हे कळलं ते फ्रान्समधल्या निकोल ल दुआरँ यांच्यामुळे. त्यांनी लावा पक्ष्याच्या गर्भातल्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवल्या. लाव्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखू येतात, त्यामुळे कोण कुठून निघालं आणि कुठे पोचलं हे डोळ्यांनी पाहता आलं.

भंडारदऱ्याच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की हेडचा शेतकरी भिजवून मोकळा होतो आणि टेलला पाणी पोचतच नाही, हे या जिल्ह्याला सांगायला नको. आतड्याचंही तसंच आहे. पेशींचा लोंढा वरून निघतो, वाटेत आपली संख्या वाढवत जातो, आणि तो कमी पडला, मंदावला किंवा आतड्याची वाढ त्याच्यापुढे निघून गेली, तर कोरडं राहतं ते शेवटचं टोक. म्हणून या आजारात दोष नेहमी गुदद्वारापासून सुरू होतो आणि वर कुठवर जाईल तेवढंच रुग्णागणिक बदलतं. सुमारे 80 टक्के मुलांत तो मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणापर्यंतच असतो. थोड्यांत सगळं मोठं आतडं कोरडं असतं आणि फार थोड्यांत लहान आतड्याचाही भाग. 1994 साली रेट नावाच्या जनुकातले दोष या आजारामागे असल्याचं सापडलं. पेशींना ‘पुढे चला, वाढा’ हा निरोप ज्या खुणेतून मिळतो, ती खूण ओळखणारं प्रथिन हे जनुक बनवतं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे.

हॅराल्ड हिर्शस्प्रंग हे कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ. 1886 साली बर्लिनच्या सभेत त्यांनी दोन मुलग्यांची हकिगत मांडली. दोघेही तान्हेपणीच गेले होते आणि दोघांचंही मोठं आतडं प्रचंड फुगलेलं होतं. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं वैद्यकशास्त्र त्या फुगलेल्या भागालाच दोष देत राहिलं. शल्यचिकित्सक तो कापत, मूल काही दिवस बरं दिसे आणि पुन्हा तुंबे. दोष होता खालच्या अरुंद, दिसायला जवळपास निरोगी अशा भागात. बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांच्या लक्षात आलं की पोटावर शीची वाट काढून दिली की मूल सुधारतं आणि ती बंद केली की पुन्हा आजारी पडतं. 1948 साली त्यांनी तो अरुंद भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज जगभर जे केलं जातं ते याच कल्पनेवर उभं आहे: 1956ची ड्यूहामेल पद्धत, 1964ची सोआवे पद्धत, आणि 1998 साली मेक्सिकोच्या डॉक्टरांनी मांडलेली, पोट न उघडता गुदमार्गातूनच करायची पद्धत.

शस्त्रक्रियेत जे दिसतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. खालचा भाग बारीक, आक्रसलेला. त्याच्या वर नरसाळ्यासारखा रुंद होत जाणारा टप्पा. त्याच्याही वर जाड भिंतीचं, ताणलेलं, फुगलेलं आतडं, कारण महिनोन् महिने ते बंद दारावर जोर लावत आलेलं असतं. आता कापायचं कुठे? डोळ्यांनी दिसणारी सीमा फसवी असते. म्हणून शल्यचिकित्सक भिंतीचे छोटे तुकडे काढून शस्त्रक्रिया चालू असतानाच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. तिकडे तुकडा गोठवून, काप काढून, रंगवून पाहतात: मोठ्या केंद्रकाच्या चेतापेशींचे पुंजके दिसतात का? ‘आहेत’ असं उत्तर येईपर्यंत वर सरकत राहायचं. मूल टेबलावर आहे, भूल चालू आहे आणि सगळे त्या काचेच्या पट्टीवरच्या उत्तराची वाट पाहतायत. निदानाच्या वेळीही हाच प्रश्न असतो. गुदाशयाच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा चोषणाने काढतात, टाके लागत नाहीत, आणि कॅलरेटिनिनसारख्या रंगक्रियेने त्यात चेतांची खूण शोधतात. हा आजार ‘नाही’ म्हणायला एक चेतापेशी पुरते. ‘आहे’ म्हणायला मात्र पुरेसा खोल तुकडा आणि सवयीची नजर दोन्ही हवीत.

ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते. पुण्याचं ससून आणि परळचं वाडिया ही नावं आपल्याकडच्या आई-बापांना ठाऊक असतात. म्हणजे उपाय आहे, सरकारी खर्चाने होतो, आणि तो झालेली बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात.

मग मूलपेशी कशाला? कारण ‘बहुतेक’ या शब्दाआड बरंच काही झाकलं जातं. बऱ्याच मुलांना शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ राहतं किंवा चड्डीत शी होते. सहावी-सातवीतल्या मुलाला वर्गात त्याचा वास येतो म्हणून वेगळं बसवलं जातं, आणि आई दप्तरात कपड्यांचा जादा जोड ठेवते. दुसरा धोका आतड्याच्या दाहाचा. पोट एकदम फुगतं, ताप येतो, घाण वासाची पातळ शी जोरात बाहेर पडते. हा दाह शस्त्रक्रियेआधी येतो तसा नंतरही येतो, आणि या आजारात मुलं दगावतात ती मुख्यतः त्यानेच. ज्यांचं सगळं मोठं आतडं कोरडं आहे, त्यांच्या आतड्याचा इतका भाग काढावा लागतो की पाणी, क्षार आणि वजन सांभाळणं हेच आयुष्य होऊन बसतं. शस्त्रक्रिया निकामी भाग काढून टाकते. त्या भागाला चेता देणं तिच्या हातात नाही. मूलपेशींची आशा नेमकी इथे सुरू होते.

संशोधनाची सुरुवात साध्या निरीक्षणातून झाली. 1999 साली लंडनमध्ये व्हासिलिस पाख्निस यांच्या गटाने उंदरांच्या गर्भातल्या आतड्यातून अशा पेशी वेगळ्या केल्या, ज्या चेतापेशी आणि त्यांच्या आधारपेशी असं दोन्ही बनू शकतात. पुढे कळलं की अशा पेशी जन्मानंतरही आतड्यात शिल्लक असतात. माणसाच्या आतल्या अस्तराच्या साध्या बायोप्सीतूनही त्या मिळू शकतात, हे 2009 साली दाखवलं गेलं. ही मोठी गोष्ट होती, कारण ज्या मुलाला पेशी हव्यात त्याच्याच वरच्या, निरोगी आतड्यातून त्या काढता येतील, परक्याच्या लागणार नाहीत, असा मार्ग त्यातून दिसू लागला. 2013 साली मेलबर्नमध्ये हेदर यंग यांच्या प्रयोगशाळेत र्‍यो होत्ता आणि सहकाऱ्यांनी जन्मलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात अशा पेशी सोडल्या. त्यांच्यापासून तयार झालेल्या चेतापेशी विद्युत संदेश देत-घेत होत्या. रुजल्या, जगल्या आणि कामाला लागल्या.

त्याआधी, 2005 साली, अमेरिकेत पंकज पसरिचा यांच्या गटाने वेगळी बाजू तपासली होती. नायट्रिक ऑक्साइड न बनवू शकणाऱ्या उंदरांचं जठर रिकामं होत नाही. त्यांच्या जठराच्या खालच्या दाराशी चेता-मूलपेशी टोचल्यावर ते रिकामं होऊ लागलं. 2017 साली लंडनच्या कॉनर मॅक्कान, निखिल थापर आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात पेशी रुजवून त्याची हालचाल पूर्ववत आणली. ज्या पेशी टोचल्या, त्यांनी फक्त स्वतःचं काम केलं असं नाही. आसपासच्या जुन्या पेशींचीही घडी बसली. हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत बोलकं निरीक्षण वाटतं, कारण त्यातून असं सुचतं की कोरड्या भागातली प्रत्येक जागा भरावी लागेलच असं नाही.

मोठी खळबळ मात्र 2016ची. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत लॉरेन्झ स्टूडर यांच्या प्रयोगशाळेतल्या फरनाझ फत्ताही आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या बहुप्रसव मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांतून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते अशांपासून, आतड्याच्या चेतांच्या पूर्वज पेशी मोठ्या संख्येने तयार केल्या. हिर्शस्प्रंगसारखा दोष असलेल्या उंदरांच्या आतड्याच्या भिंतीत त्या टोचल्या. पेशी लांबवर पसरल्या. ज्यांना पेशी मिळाल्या नाहीत त्यांतले बरेच उंदीर मेले, ज्यांना मिळाल्या ते जगले. ते नेमके कशामुळे जगले, चेतांमुळे आतडं हललं म्हणून की अस्तराचं रक्षण झालं म्हणून, हे त्यात पुरतं उलगडलं नाही. तरी मानवी पेशी प्रयोगशाळेत हव्या तितक्या बनवता येतात, हा दरवाजा उघडला. शिन्या यामानाका यांनी 2006-07 साली कातडीच्या पेशींना मागे नेऊन बहुप्रसव बनवायची रीत दिली, 2012 साली त्यांना नोबेल मिळालं, आणि त्यामुळे भ्रूणांची गरजही उरली नाही. हाँगकाँगच्या गटाने 2017 साली हिर्शस्प्रंगच्या रुग्णांच्या अशा पेशींमधला रेटचा दोष जनुक-कात्रीने दुरुस्त करून दाखवला. मुलाच्या स्वतःच्या पेशींत मूळ दोष असतोच. तो न काढता त्याच पेशी परत लावल्या, तर त्या पुन्हा अर्ध्या वाटेत अडायच्या. म्हणून ही दुरुस्ती महत्त्वाची.

2024 साली लंडन आणि शेफील्डच्या गटांनी जे केलं, ते माझ्या मते आजवरचं माणसाच्या सर्वांत जवळचं पाऊल आहे. शस्त्रक्रियेत काढून टाकलेला हिर्शस्प्रंगच्या मुलांच्या आतड्याचा भाग त्यांनी प्रयोगशाळेत जिवंत ठेवला आणि त्यात मूलपेशींपासून बनवलेल्या पूर्वज पेशी सोडल्या. पेशी त्या रुग्ण ऊतीत रुजल्या, चेतापेशी बनल्या, आणि उत्तेजन दिल्यावर तो तुकडा पेशी न दिलेल्या तुकड्यापेक्षा जास्त आकुंचन पावू लागला. उंदराच्या आतड्यातून माणसाच्या खऱ्या आजारी आतड्यापर्यंत हे काम आलं. पण तो तुकडा भांड्यातला आहे, मुलाच्या पोटातला नाही. तिथे शी नाही, जंतू नाहीत, दाह नाही.

अडचणी तिथून पुढच्या आहेत. उंदराचं मोठं आतडं काही सेंटिमीटरचं असतं. लहान मुलाच्या आतड्यात त्याच्या कितीतरी पट लांबीवर पेशी पसरायला हव्यात. किती ठिकाणी टोचायचं, बाहेरून टोचायचं की दुर्बिणीने आतून, हे ठरलेलं नाही. कोरड्या भागाची भिंतच बदललेली असते, तिच्यातला पेशींबाहेरचा मसाला वेगळा असतो, आणि वाढत्या वयात पेशींना त्यातून वाट काढणं गर्भातल्याइतकं सोपं नसतं. आवळणाऱ्या आणि सैल करणाऱ्या पेशींचं प्रमाण बिघडलं तर जुन्या त्रासाच्या जागी नवा त्रास उभा राहील. बहुप्रसव पेशींतली एखादी अर्धवट पेशी मागे राहिली तर तिची गाठ होऊ शकते, आणि ही भीती पुस्तकी नाही. परक्या पेशी लावल्या तर शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधं आली, आणि आतड्याच्या दाहाकडे आधीच झुकलेल्या मुलाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देणं हा हलका निर्णय नव्हे.

पेशी न टोचता त्याच वाटेने जाणारा एक प्रयत्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माँट्रियलच्या निकोला पिलों यांच्या गटाने 2020 साली हिर्शस्प्रंगच्या उंदरांच्या पिल्लांना जीडीएनएफ या प्रथिनाचा एनिमा दिला. रेट ज्या खुणेची वाट पाहतं, तीच ही खूण. आतड्यात आधीपासून असलेल्या आधारपेशींतून तिथल्या तिथे नव्या चेतापेशी तयार झाल्या आणि पिल्लं जास्त जगली. एनिमा कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात देता येतो. माणसांत हे सिद्ध झालं, तर आपल्यासारख्या भागासाठी पेशींच्या कारखान्यापेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा ठरेल.

मोठ्या माणसांच्या आजारांबद्दल थोडक्यात. अकॅलेशियात अन्ननलिकेच्या खालच्या दाराशी सैल करणाऱ्या चेता नष्ट होतात, घास छातीत अडकतो आणि पाणीसुद्धा उतरत नाही. त्यावर 1913पासून हेलर यांची शस्त्रक्रिया आहे आणि 2008पासून जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी सुरू केलेली पोएम ही दुर्बिणीची पद्धत आहे. दोन्ही चांगल्या चालतात, त्यामुळे मूलपेशींची घाई इथे कमी. जुन्या मधुमेहात जठर मंदावतं, तिथे गरज मोठी आहे, पण आजार एकट्या चेतांचा नाही, पेशी टोचून सुटणारा तर त्याहून नाही. आतड्याची हालचालच थांबणारा, अडथळा नसताना अडथळ्यासारखा वागणारा एक दुर्मीळ आजार आहे. त्यातल्या रुग्णांना आज शिरेतून अन्न देण्यापलीकडे फारसं काही देता येत नाही. खरी तातडी त्यांची. प्रौढ आतड्यात चेतापेशी रोज मरतात आणि रोज नव्या बनतात, असा दावा 2017 साली सुभाष कुलकर्णी, पसरिचा आणि सहकाऱ्यांनी केला. दुसऱ्या गटांना तसं आढळलं नाही आणि वाद चालू आहे. तो कुणीकडे सुटतो यावर बाहेरून पेशी आणायच्या की आतल्याच जागवायच्या, हे बरंचसं ठरेल.

आता बाजाराकडे वळतो. मुंबई-पुण्यात आणि इतरत्रही अनेक आजारांसाठी मूलपेशींची इंजेक्शनं विकली गेली आहेत आणि लोकांनी त्यासाठी जमिनी गहाण टाकल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट सांगितलं की रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा बाकी प्रत्येक वापर हा प्रयोग समजायचा, नैतिकता समित्यांच्या आणि औषध नियंत्रकांच्या परवानगीने, आणि त्यात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढे एक-दोन पेशी-उत्पादनांना ठरावीक आजारांपुरती परवानगी मिळाली. आतड्याच्या चेतांसाठी एकही नाही. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं, पण तोवर अनेक आई-बापांच्या खिशातून त्यासाठी पैसा गेला होता. बद्धकोष्ठ, पोट फुगणं, शी न धरता येणं यांवर कुणी मूलपेशी देतो म्हणालं, तर दोन प्रश्न विचारावेत: भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे का घेता?

परदेशी मंजुरीनेही हुरळून जाऊ नये. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारात गुदद्वाराजवळ होणाऱ्या भगंदरासाठी चरबीतून काढलेल्या पेशींच्या एका औषधाला युरोपात 2018 साली परवानगी मिळाली होती. मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही आणि 2024 मध्ये ते मागे घेतलं गेलं. सहा वर्षं ते रीतसर औषध होतं.

उंदरावरचं यश आणि आपलं बाळ यांच्यामधलं अंतर मोठं आहे, पण त्यातला जिल्ह्याच्या वाट्याचा तुकडा अगदी छोटा आहे, आणि मला राहून राहून त्याचीच चिंता वाटते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं की आई-बाळाने 48 तास थांबावं अशी अपेक्षा आहे. पहिल्या शीची मुदतही तेवढीच. तरी खाटा कमी, घरी कामं, सोबतीला आलेल्या बाईचा रोजगार बुडतो, म्हणून अनेकजणी दुसऱ्याच दिवशी घरी जातात. घरी पोट फुगलं की बेंबीभोवती हिंग लावतात, बाळगुटी उगाळतात, कुणी साबणाची कांडी लावतं. कांडीने थोडी शी होते, पोट उतरतं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि महिना निघून जातो. यात आजीची चूक नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की ही शी आपणहून आली का कांडीने, हा फरक डॉक्टरला सांगायचा असतो.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत: दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, हृदयदोष, मोतीबिंदू असे. आतड्याचा हा दोष त्यात नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरला तो बाहेरून दिसत नाही, हे खरं. पण प्रश्न विचारला तर तो ऐकू येतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरपोच नवजात सेवेची रीत सिद्ध केली. तिच्यावर आधारलेल्या 2011पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. तिसऱ्या दिवशी तिने वजन आणि ताप पाहताना एवढंच विचारायचं: पहिली काळी शी कधी झाली, आपणहून झाली का, उलटी हिरवी आहे का? या जिल्ह्याला हे नवं नाही. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा शाळेत न गेलेल्या बायकांनी बाळंतपणं, हगवण आणि कुपोषण हाताळून दाखवलं. त्यांच्या पुढे हा प्रश्न काय आहे?

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं मात्र वेगळं आहे. पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडून कोयते घेऊन गेलेल्या जोडप्याचं बाळ कारखान्यावर, कोपीत किंवा वाटेतल्या दवाखान्यात जन्मतं. तिसऱ्या दिवशी गावची आशाताई त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत मोठ्या दवाखान्यात जाणंही होत नाही. या बाळांसाठी तो प्रश्न बाळंतपण झालेल्या ठिकाणीच, सुट्टी देण्याआधी, कागदावर यायला हवा.

संशोधनात या भागाला काही करता येईल का? येईल. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत मानवी भ्रूण मूलपेशींच्या काइंड-1 आणि काइंड-2 या दोन वाणांची निर्मिती झाली. पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पेशी सांभाळायची आणि पुरवायची राष्ट्रीय सोय तिथेच आहे. लोणीला प्रवरा आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशन अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं जिल्ह्यातच आहेत. शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा आज तपासणी संपली की जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. लंडनच्या गटाने 2024चं काम अशाच तुकड्यांवर केलं. आई-बापांची संमती, नैतिकता समितीची मंजुरी आणि पुण्यापर्यंत थंड डब्यातली वाहतूक एवढी जुळणी झाली, तर महाराष्ट्रातल्या मुलांच्या आतड्यावर पेशी कशा वागतात हे इथेच पाहता येईल. त्याबरोबर एक साधी नोंद हवी: शस्त्रक्रिया झालेलं प्रत्येक मूल पाचव्या आणि दहाव्या वर्षी कसं आहे, शी धरू शकतं का, दाह किती वेळा आला, शाळा सुटली का. उद्या माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, तर तिला कोणती मुलं घ्यायची हे याच नोंदींवरून ठरेल, आणि आज अशी नोंद ठेवणारी वही प्रत्येक दवाखान्यात वेगळी आहे किंवा नाहीच.